मोटार थांबते कशी?

गेल्या कार्तिकांतील गोष्ट. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बोरी हें आमचें गांव. माझ्या पुतण्यानें दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी मोटार घेतली होती. वहिनींनीं तिला कुंकू लावून ओवाळलें, चाकांखालीं लिंबें ठेविलीं, आणि मग आम्हां सर्वांना भोवतीं उभे करून पुतण्यानें गाडीचे गुण एकामागून एक सांगितले. त्यांतील एक वाक्य माझ्या ध्यानांत राहिलें. तो म्हणाला, "काका, आतां काळजीचें कारण नाहीं. समोर कांहीं आडवें आलें तर ही गाडी आपण होऊन थांबते." वहिनींनीं हात जोडले. मलाहि त्या वेळीं तें खरेंच वाटलें.

त्यानंतर महिन्याभरानें परभणीस एका आप्ताचा साखरपुडा उरकून आम्ही परत येत होतों. दिवेलागणीची वेळ होती. पुतण्या गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारीं, आणि मागें वहिनी. त्यांच्या मांडीवर त्यांची चार वर्षांची नात झोंपलेली. मागच्या दोघींनीं पट्टा बांधलेला नव्हता. मागें बसणाऱ्यांनीं तो बांधावयाचा असतो हें आमच्या घरांत कोणाच्या गांवींहि नव्हतें. समोरून एक मालमोटार आपले प्रखर दिवे रोखून आली व गेली, आणि त्या झगझगाटानंतरच्या अंधारांत एकदम उसानें भरलेली ट्रॉली दिसली. तिला मागें दिवा नव्हता, तांबडी चकती नव्हती. उसाचीं टोकें मात्र दोन हात बाहेर आलेलीं होतीं.

गाडीनें किणकिण असा इशारा दिला. पुतण्यानें सर्व जोर लावून ब्रेक दाबला. तोंच पेडल त्याच्या पायाखालीं थरथरूं लागलें व खालून करकर असा आवाज येऊं लागला. 'ब्रेक मोडला' असें वाटून त्यानें क्षणभर पाय उचलला! लगेच भानावर येऊन त्यानें पुनः ब्रेक दाबला, गाडी डावीकडे वळविली, आणि ती रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातींत जाऊन थांबली. चालकाच्या बाजूच्या कांचेवर उसाच्या टोकांचा ओरखडा उमटला होता. वहिनी पुढच्या बैठकीवर आपटल्या व त्यांच्या भुवईस दोन टांके पडले. मुलगी दोन बैठकींमधल्या जागेंत घसरली. तिला कांहीं झालें नाहीं. परंतु कांहीं झालें नाहीं यांत आमची कर्तबगारी शून्य होती, हें सांगावयास नकोच.

घरीं आल्यावर प्रत्येकाच्या मनांत निराळा प्रश्न होता. पुतण्याला वाटे, नव्या गाडीचा ब्रेक सदोष आहे. मला वाटे, आपोआप थांबण्याची ती गोष्ट ही निव्वळ विक्रेत्याची बतावणी. वहिनींचा प्रश्न सर्वांत साधा होता : "अरे, पण गाडी थांबते तरी कशानें?" या प्रश्नाचें उत्तर आम्हां दोघां शिकलेल्या माणसांपैकीं एकालाहि नीट देतां येईना. तेव्हां परभणीच्या एका जाणत्या मिस्तरीला गांठलें, गाडीबरोबर आलेली व प्लॅस्टिकच्या वेष्टनांतून अद्याप बाहेर न निघालेली माहितीपुस्तिका वाचून काढली, आणि जें समजलें तें येथें देत आहें. आज कित्येक घरांच्या दारांत मोटार उभी आहे. तेव्हां तें सर्वांच्याच उपयोगी पडेल.

गतीचा हिशेब

धांवणाऱ्या गाडीच्या अंगांत शक्ति सांठलेली असते. गाडी थांबवावयाची म्हणजे ती शक्ति कोठें तरी घालवावयाची. ब्रेक तिचें उष्णतेंत रूपांतर करतो. थंडींत आपण तळहात एकमेकांवर घांसले कीं ते ऊन होतात, तोच हा प्रकार. फक्त प्रमाण मोठें. बाराशें किलो वजनाची मोटार ताशीं ८० किलोमीटर वेगानें जात असतां एकदम थांबविली तर जी उष्णता निघते, तिच्यावर पाऊण लिटराहून अधिक गार पाण्यास उकळी येईल. चहाचें एवढें आधण चार-पांच सेकंदांत करणारी चूल कोणाच्याहि स्वयंपाकघरांत नसेल!

यांतील मुख्य मर्म असें कीं, ही शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि ब्रेक लागल्यावर थांबावयास लागणारें अंतरहि चौपट होतें. शिवाय डोळ्यांनीं पाहिलें, मनानें ओळखलें आणि पायानें दाबलें, एवढ्यांत सावध माणसाचाहि सुमारें एक सेकंद जातो. त्या सेकंदांत गाडी पूर्ण वेगानें पुढें जातच असते.

आंकडे मांडून पाहूं. ताशीं ४० किलोमीटर वेग असतां त्या एका सेकंदांत गाडी ११ मीटर जाते, व चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असल्यास ब्रेक लागल्यावर आणखी ९ मीटर. एकूण २० मीटर. ताशीं ८० वेग असतां सेकंदाचे २२ मीटर व ब्रेकचे ३५, मिळून ५७ मीटर. रस्ता पावसानें ओला असेल तर हेच अंतर ८० मीटरांच्याहि पलीकडे जातें. रात्रीं मंद दिव्यांच्या उजेडांत आपणांस बहुधा एवढ्या लांबचें स्पष्ट दिसतहि नाहीं. म्हणजे त्या संध्याकाळीं आमची पहिली चूक ब्रेक दाबण्याच्या पुष्कळच आधीं झाली होती. जेवढें दिसत होतें त्याहून लांब अंतरावर थांबणाऱ्या वेगानें आम्ही चाललों होतों.

पायाचा जोर चाकापर्यंत

पायाचा जोर चाकापर्यंत पोंचवितें तें तेल. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा सिद्धांत पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडला; आपण तो शाळेंत पाठहि केला आहे. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरांतील तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे ढकललें जातें. तेथें तें पॅडना चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, दोहों बाजूंनीं आवळून धरतें. मागच्या चाकांत पुष्कळदां तबकडीऐवजीं ड्रम असतो व लायनर आंतून त्यावर घांसतात. अमेरिकेंत डूसेनबर्ग कंपनीनें १९२१ सालीं चारी चाकांना असे तेलाचे ब्रेक लावून मोटार विकावयास काढली. त्यापूर्वीं तारा व दांडे यांवर भिस्त असे, आणि चारी चाकांवर सारखा जोर येणें कठीण जाई. हल्लींच्या गाड्यांत तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबवितां यावी, हा हेतु. हातब्रेक तर बहुधा निराळ्याच तारेनें ओढला जातो.

या तेलाविषयीं गृहस्थाश्रमी माणसानें दोन गोष्टी जाणाव्या. पहिली ही कीं, नेहमींच्या ब्रेक ऑइलला हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड आहे. नवें डॉट-३ जातीचें तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. परंतु त्यांत शेंकडा तीन-चार भाग पाणी मुरलें कीं तें १४० अंशांवरच उकळण्याचा संभव असतो. लांबच्या उतारावर सतत ब्रेक दाबून धरला म्हणजे उष्णता तेलापर्यंत पोंचते, तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पेडल पोकळ लागून खालीं जातें. मराठवाड्याच्या सपाटीवर हा अनुभव सहसा येत नाहीं. परंतु तीच गाडी घेऊन आपण महाबळेश्वरास अगर कोंकणांत उतरतों, तेव्हां जुन्या तेलाची परीक्षा होते. म्हणून पुष्कळ कारखानदार तें तेल दर दोन वर्षांनीं बदलावयास सांगतात, आणि घाट उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून इंजिनाच्याच ओढीनें वेग आवरावा, ब्रेक मधून मधून दाबावा, असें शिकवितात.

दुसरी गोष्ट काटकसरीसंबंधीं. पेट्रोल वांचावें म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे सद्गृहस्थ मीं पाहिले आहेत. इतकेंच नव्हे तर तरुणपणीं तोच शहाणपणा मीहि केला आहे. ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या साह्यानें चालणाऱ्या बूस्टरमुळें. इंजिन बंद झालें कीं एक-दोनदां दाबण्यापुरतें तें साह्य उरतें, पुढें पेडल दगडासारखें कठीण होतें. आणि सुकाणूचें चाकहि जड होतें. चार थेंब पेट्रोलासाठीं हा सौदा कोणत्याच हिशेबांत बसत नाहीं.

थरथरणारें पेडल

आतां त्या थरथरीविषयीं. चाक फिरत असतें तोंपर्यंत तें रस्त्याला धरून असतें व वळवूं तिकडे वळतें. ब्रेकच्या जोरानें चाक एकदम अडकून बसलें कीं तें घसरूं लागतें. मग सुकाणू कितीहि फिरविलें तरी गाडी सरळच जाते. हें होऊं नये म्हणून निघालेली योजना म्हणजे एबीएस. प्रत्येक चाकाजवळ त्याची गति मोजणारें एक उपकरण असतें. एखादें चाक अडकण्याच्या बेतांत आलें कीं त्या चाकापुरता तेलाचा दाब क्षणभर कमी केला जातो व लगेच पुनः वाढविला जातो. असें एका सेकंदांत अनेकदां घडतें. १९७८ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीची ही योजना मर्सिडीज गाड्यांत प्रथम बसविली गेली. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली, आणि १२५ घन सेंटीमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींनाहि त्याच वेळीं.

ही उघडझांप चालली असतां पेडल पायाखालीं थरथरतें व करकर आवाज येतो. तें बिघाडाचें लक्षण नसून यंत्र आपलें काम करीत असल्याची खूण आहे! आमच्या पुतण्यानें नेमका त्याच क्षणीं पाय उचलला, आणि जो ब्रेक उत्तम चालला होता तो स्वतःच्या हातानें नव्हे, पण पायानें बंद केला. तसें करणारा तो पहिला नव्हे; ती थरथर ज्यानें पूर्वीं अनुभवलेली नाहीं त्याच्याकडून असें होतेंच. तेव्हां नियम असा : पूर्ण जोरानें दाबावें, दाबून धरावें, थरथरलें तरी सोडूं नये, आणि जिकडे मोकळी वाट असेल तिकडे सुकाणू वळवावें. जुन्या गाड्यांच्या काळीं पेडल दाबून-सोडून, दाबून-सोडून थांबावयास शिकवीत. एबीएस असलेल्या गाडींत तें काम यंत्राकडे सोंपवावें.

मात्र एबीएस म्हणजे चमत्कार नव्हे. खडी, मुरूम अगर सैल माती यांवर त्यामुळें थांबण्याचें अंतर उलट वाढण्याचाहि संभव असतो. त्याचा खरा लाभ थांबतां थांबतां गाडी वळवितां येते हा; आणि त्या संध्याकाळीं डावीकडे वळतां आलें तें त्याच्याच कृपेनें.

यंत्राचे डोळे

राहतां राहिला माझा प्रश्न. गाडी आपण होऊन थांबते हें खरें कीं खोटें? उत्तर असें कीं खरें, पण अटींसह. अशा गाडीच्या पुढच्या जाळीआड रडार व कांचेच्या वरच्या भागीं कॅमेरा बसविलेला असतो. समोरचें वाहन किती दूर आहे व किती वेगानें जवळ येत आहे हें पाहून यंत्र प्रथम इशारा देतें, आणि चालक हालचाल करीत नाहीं असें दिसल्यास स्वतः ब्रेक लावतें. २००८ सालीं व्होल्व्हो कंपनीनें शहरांतील मंद गतीसाठीं अशी योजना आपल्या एका गाडींत नेहमींची म्हणून दिली. युरोपांत जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा झाला आहे. आपल्याकडेहि २०२० नंतर अशा गाड्या येऊं लागल्या. पुण्याजवळील चाकण येथें तयार झालेली व २०२१ सालीं आलेली महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही त्यांतील एक. या सर्व साधनांना मिळून 'अडास' असें नांव पडलें आहे. पट्ट्याबाहेर जाऊं लागल्यास सांवध करणें, पुढच्या गाडीपासून अंतर राखणें हींहि कामें त्यांतच मोडतात.

परंतु या डोळ्यांनाहि मोतीबिंदु होतो. कॅमेऱ्याच्या कांचेवर चिखल असेल, समोरून मावळत्या सूर्याचा अगर दिव्यांचा झोत असेल, धुकें असेल, तर त्याला कमी दिसतें. रस्त्यावर पांढरे पट्टेच नसतील तर पट्टा सोडल्याचा इशारा तें देणार कशाच्या आधारें? आमच्याकडे काळी जमीन पावसांत फुगते व उन्हांत आकसते. तिच्यावरील डांबर उंचसखल होतें व पट्टे पुसले जातात. उभ्या वस्तूंच्या बाबतींत तर आणखी एक अडचण आहे. रस्त्याकडेच्या पाट्या, पूल, खांब या सर्वांवरून रडारचा पडसाद येतो. त्या प्रत्येकासाठीं गाडी थांबूं लागली तर प्रवासच खुंटेल. म्हणून कित्येक रडार न हलणाऱ्या वस्तूंकडे कमी लक्ष देतात. बिनदिव्याची उभी ट्रॉली, बाहेर आलेला ऊस, आडवी जाणारी म्हैस हीं आपल्या रस्त्यांवरील नित्याचीं दृश्यें. पण हींच या यंत्राला अवघड.

शिवाय चालक स्वतः सुकाणू वळवीत आहे असें दिसलें कीं पुष्कळ गाड्यांत यंत्र माघार घेतें व माणसाची आज्ञा मानतें. आमच्या पुस्तिकेंत हें स्पष्ट लिहिलेलें सांपडलें, आणि तिच्या शेवटीं हेंहि, कीं जबाबदारी सर्वस्वीं चालकाची. खरें पाहतां त्या संध्याकाळच्या इशाऱ्यानें आम्हांला एखादा सेकंद मिळवून दिला असावा. त्यापलीकडे तें यंत्र काय करणार? यंत्रानें लाविलेला ब्रेकहि शेवटीं त्याच तेलानें, त्याच पॅडनीं व त्याच टायरांनीं लागतो. टायर गुळगुळीत झाले असतील तर रडार कितीहि सुलोचन असून काय उपयोग?

मागें बसणाऱ्यांसाठीं

शेवटचा मुद्दा गृहिणींसाठीं मुद्दाम लिहितों. गाडी थांबते, परंतु आंतील माणसें थांबत नाहींत. तीं पूर्वींच्याच वेगानें पुढें जात राहतात. ताशीं ४० किलोमीटर वेगानें आदळणें म्हणजे सुमारें सहा मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, पडण्यासारखें आहे. दहा-पंधरा किलोचें मूल त्या क्षणीं शेंकडों किलोंच्या जोरानें हातांतून सुटतें. कोणत्याहि आईच्या वा आजीच्या हातांत तें धरून ठेवण्याचें बळ नसतें. मायेचा येथें कांहीं इलाज चालत नाहीं.

खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीनबिंदु पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें व्होल्व्होसाठीं १९५९ सालीं तयार केला. तो मागच्या बैठकीवरहि तितकाच आवश्यक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हां ते मागें बसले होते व पट्टा बांधलेला नव्हता. गाडी उंची होती, तिच्यांत साधनांची उणीव नव्हती. एअरबॅगची हवेची उशीहि पट्ट्याच्या जोडीनेंच राखते, त्याच्याऐवजीं नव्हे. लहान मुलांना त्यांच्या वयाच्या मानानें निराळी बैठक मिळते. ती मागें बसवावी. पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे खरा, परंतु दंडाच्या भीतीनें करावयाची ही गोष्ट नव्हे.

आमच्या घरीं त्यानंतर काय झालें तें सांगून हा लेख संपवितों. एका रविवारीं सकाळीं गांवाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मागेंपुढें कोणी नाहीं असें पाहून पुतण्यानें ताशीं ३० किलोमीटर वेगावरून चार-पांच वेळां पूर्ण जोरानें ब्रेक दाबला. पेडल थरथरलें, पाय जागचा हलला नाहीं. वहिनी आतां मागें बसल्या कीं प्रथम नातीचा पट्टा, मग स्वतःचा, आणि मग "हं, चल" असें म्हणतात. तोंपर्यंत गाडी सुरू होत नाहीं. नव्या तेलाची तारीख पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेविली आहे.

आणि एक काम पुतण्यानें आपण होऊन केलें. परभणीहून त्यानें तांबड्या चकाकणाऱ्या पट्टीचीं वेटोळीं आणलीं, व आमची एक आणि शेजाऱ्यांच्या तीन अशा चार ट्रॉल्यांच्या मागें स्वतःच्या हातानें चिकटविलीं. खर्च फारसा आला नाहीं. परवां रात्रीं जिंतूरहून येतांना लांबवर दोन तांबड्या रेघा चमकल्या. पुतण्यानें सावकाश वेग कमी केला. जवळ गेल्यावर पाहतों तों ती आमचीच ट्रॉली होती.